जुने पाटे, जुन्या स्प्रिंगा आणि गाडी उचलायची हौस : वाचकांचे प्रश्न

यावेळी छोट्या ऑफरोड गाड्यांवरचे प्रश्न इतके आलेत की दुसरं काही घेताच आलं नाही. बहुतेकांचं म्हणणं एकच, नवं लिफ्ट किट घ्यायचं नाहीये, भंगारात निघालेल्या दुसऱ्या गाडीचे पाटे (पोलादी पट्ट्यांची थप्पी, तीच स्प्रिंगचं काम करते), गोल स्प्रिंगा म्हणजे कॉइल, शॉकअप हाताशी आहेत, त्यावर गाडी उचलता, म्हणजे तिची चेसी चाकांपासून वर नेता येईल का. येते. पण जवळपास प्रत्येक पत्रात "किती इंच मिळतील" हे पहिल्याच ओळीत आणि "स्टिअरिंगचं काय" हे कुठेच नाही, म्हणून उत्तरं जरा लांबलीत. नोंदणी आणि विम्याबद्दल इथे काही लिहीत नाही, ते नियम जागोजागी वेगळे असतात, कामाला हात घालायच्या आधी आपापल्या इथे विचारून घ्या.

प्रश्न : दादा, माझ्याकडे सुझुकी सामुराई आहे, पाट्यांवरची. मित्राकडे जीप रँग्लर वायजेचे चारही पाटे पडून आहेत, फुकट देतोय. ते बसवू, की आहेत तेच पाटे हाउसिंगच्या (अ‍ॅक्सलच्या लोखंडी कवचाच्या) वर घेऊन स्प्रिंग ओव्हर करू? टायर २३५/७५ आर १५ टाकायचेत. – सामुराईवाला

आधी टायरचा हिशोब करू, कारण उंची किती हवी ते तिथून ठरतं. सामुराईचा मूळ टायर २०५/७० आर १५, व्यास येतो ६६८ मिमी. तुमच्या नव्या टायरचा साधारण ७३३. फरक ६५ मिमी, त्यातला अर्धा वर जाणार म्हणजे फेंडरकडे ३२-३३ मिमी, सव्वा इंचच की. टायर रुंद पण आहे म्हणून वळताना आणि एक चाक वर दाबलं गेल्यावर घासणार, त्यासाठी थोडं अजून धरा. म्हणजे तुमची गरज दीड-दोन इंचांची आहे, पाच इंचांची नाही. आणि हे पण लक्षात घ्या की डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून वर जातो तो फक्त टायरमुळे, पाटे कितीही उंच करा अ‍ॅक्सल जागच्या जागीच राहतो, वर जाते ती चेसी आणि तुम्ही.

आता स्प्रिंग ओव्हर. सामुराईत पाटे मुळात हाउसिंगच्या खाली आहेत, ते वर घेतले की हाउसिंगचा व्यास, अधिक पाट्यांच्या थप्पीची जाडी, अधिक नव्या बैठकीची (हाउसिंगवर पाटा टेकतो ती जागा) उंची असं मिळून साधारण पाच इंच मिळतात. यात फायदा असा की पाटे तेच, सपाट आणि मऊ, त्यामुळे गाडी कडक होत नाही, म्हणून लोकांना हे भारी वाटतं. पण सामुराईचा व्हीलबेसच २०३० मिमी, त्यात ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळी काढून मध्ये बसवलेली, तिच्यापासून अ‍ॅक्सलकडे जाणारे शाफ्ट आखूडच. समजा मागचा शाफ्ट ७०० मिमी आहे आणि तुम्ही १२७ मिमी उचललं तर शाफ्टचा कोन एकदम दहा अंशांनी वाढतो. क्रॉसला (शाफ्टच्या टोकाचा वळणारा सांधा) रस्त्याच्या वेगात तीनेक अंशांच्या आतला कोन मानवतो, त्यापुढे आयुष्य कमी होत जातं आणि थरथर सुरू होते. मग पिनियन (डिफरन्शियलचं शाफ्टकडचं टोक) वर फिरवा, नाहीतर ट्रान्सफर केसकडे डबल क्रॉसचा शाफ्ट करून घ्या. डबल क्रॉस असेल तर पिनियनचं तोंड सरळ शाफ्टच्या रेषेत ठेवायचं, साधा दोन क्रॉसचा शाफ्ट असेल तर दोन्ही टोकांचे कोन सारखे ठेवायचे, हे दोन नियम उलटसुलट करणारे बरेच जण दिसतात आणि मग थरथर का जात नाही म्हणून टायर बॅलन्स करत बसतात.

दुसरं म्हणजे पाटा पिळतो. हाउसिंग आता पाट्याच्या खाली लटकलंय, लो गिअरमध्ये दगडावर जोर लावला की हाउसिंग फिरायला बघतं आणि मऊ पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो, पिनियन वर उचललं जातं, क्रॉस तुटतो. त्याला वेगळा टॉर्क आर्म (हाउसिंगला फिरू न देणारा दांडा) लावावा लागतो. तिसरं स्टिअरिंग. पिटमन आर्म (स्टिअरिंग बॉक्सचा हात) चेसीबरोबर वर गेला, नकल (चाक वळवणारा भाग) खालीच, मधली ड्रॅग लिंक म्हणजे दोघांना जोडणारा दांडा तिरका झाला, आता चाक वरखाली झालं की गाडी आपोआप वळते. यावर काहीजण झेडच्या आकाराची वाकडी ड्रॅग लिंक बनवतात. ती बनवू नका. दांडा सरळ असतो तेव्हा ओढ आणि दाब नीट घेतो, वाकवलेला दांडा दरवेळी थोडा उघडतो थोडा मिटतो, स्टिअरिंग रबरी लागतं आणि एक दिवस जोडाशी तडा जातो. बरोबर उपाय म्हणजे नकलच्या वरून स्टिअरिंग न्यायचं, त्याचे आर्म वेगळे मिळतात, ते काम जुन्या लोखंडातून करायचं नाही.

आता मित्राचे पाटे. वायजे १९८७ ते १९९५ मधली, पाटे अडीच इंच रुंद, तुमचे दोन इंच, आणि लांबीलाही वायजेचे चांगलेच मोठे. म्हणजे आहे त्या हँगरमध्ये (चेसीवरचा पाटा अडकवायचा ब्रॅकेट) बसत नाहीत, नवे हँगर, नवे शॅकल (पाट्याचं एक टोक चेसीला जोडणाऱ्या झुलत्या पट्ट्या), नव्या यू-बोल्ट प्लेट (यू-बोल्ट म्हणजे पाटा आणि अ‍ॅक्सल एकत्र आवळणारे बोल्ट), हाउसिंगवर रुंद बैठक, सगळं करावं लागतं. मग लोक एवढा खटाटोप का करतात? लांबीसाठी. पाट्याचा कडकपणा लांबीच्या घनाच्या उलट प्रमाणात जातो, बाकी सगळं तेच ठेवून पाटा १० टक्के लांब केला तर तो जवळपास २५ टक्के मऊ होतो, आणि चाकाला वरखाली जायला जागाही जास्त मिळते. उलट जाडीचा घन सरळ प्रमाणात, ६ मिमीच्या जागी ७ मिमीचा पाटा म्हणजे तो एक पाटा ५९ टक्के कडक. रुंदीचा परिणाम मात्र सरळसोट, सव्वापट रुंद तर सव्वापट कडक.

वायजे सामुराईपेक्षा बरीच जड गाडी आहे. तिची अख्खी थप्पी तुमच्या गाडीखाली घातली तर गाडी वर उभी राहील पण दबणारच नाही, खड्ड्यात चाक खाली उतरणार नाही, म्हणजे उचलून उपयोग काय. म्हणून थप्पीतला एखादा मधला नाहीतर खालचा पाटा काढावा लागतो. मेन पाटा आणि त्याच्या डोळ्याला (टोकाच्या गोल वळणाला) गुंडाळी मारणारा दुसरा पाटा, या दोघांना कधीच हात लावायचा नाही, मेन तुटला तर अ‍ॅक्सल धरून ठेवणारा तो दुसराच. किती पाटे काढायचे ते गाडी चाकांवर उभी करून ठरवा, बंपर, विंच, मागचं सामान, जे काही कायम गाडीत असणार ते सगळं चढवून. रिकाम्या गाडीवर ठरवलेली थप्पी नंतर बसते आणि मग "जुने पाटे खराब निघाले" असं ऐकू येतं.

माझं मत विचारलंत तर २३५/७५ साठी वायजेचे पाटे हाउसिंगच्या खालीच ठेवून बसवा, म्हणजे स्प्रिंग ओव्हर न करता. हँगरची जागा नीट ठरवली तर दोन-अडीच इंचांच्या आसपास थांबता येतं आणि शाफ्ट, स्टिअरिंग फार बिघडत नाही. हँगरचं वेल्डिंग मात्र चेसीच्या डब्याच्या कडांवर खाली पट्टी देऊन करा, पातळ पत्र्यावर नुसतं चिकटवू नका. पाच इंच उचललेली सामुराई मला बघायला आवडते, चालवायला नाही.

प्रश्न : भंगारातला पाटा किंवा कॉइल स्प्रिंग चांगली आहे की नाही हे कसं ओळखायचं? दुकानदार म्हणतो सगळे चांगलेच असतात. – नाव नको

दुकानदाराचं काम विकणं आहे, त्याला दोष नको. पाट्यांची थप्पी असेल तर सेंटर बोल्ट (थप्पी एकत्र धरणारा) काढून एकेक पाटा सुटा करा, थप्पीत बघून काही कळत नाही. सेंटर बोल्ट काढायच्या आधी थप्पीला दोन्ही बाजूंनी मोठे सी-क्लॅम्प लावा, नाहीतर पाटे झटकन उघडतात आणि बोटं जातात. मग वायर ब्रशने घासून सेंटर बोल्टच्या भोकाच्या आजूबाजूला बघा, पाटा तिथेच जास्त तुटतो, भोकामुळे तिथलं लोखंड कमी झालेलं असतं ना. नंतर डोळ्याच्या वळणाच्या आतली बाजू. रॉकेल लावून पुसा आणि वर खडूची पूड टाका, तडा असेल तर थोड्या वेळात पूड ओली होऊन रेघ उमटते. खालच्या पाट्याचं टोक वरच्या पाट्यात रुतून खाच पडली असेल तर तो पाटा बाद. वरवरचा गंज चालतो, खड्डे पडलेला गंज नाही, तडे खड्ड्यातूनच सुरू होतात.

डावा आणि उजवा दोन्ही एकाच गाडीचे घ्या, सपाट फरशीवर शेजारी शेजारी ठेवून कमानीची उंची मोजा. पाच-सात मिमीचा फरक कारखान्यातही असू शकतो कारण काही गाड्यांत ड्रायव्हरच्या बाजूचा पाटा मुद्दाम वेगळा देतात, पण पाऊण-एक इंच फरक असेल तर एक बसलेला आहे. सेंटर बोल्टपासून दोन्ही डोळ्यांची अंतरं पण मोजून लिहून ठेवा, ते भोक नेहमी मधोमध नसतं, आणि पुढचं मागे लावलं की अ‍ॅक्सल पुढेमागे सरकून टायर फेंडरला लागतो.

कॉइलचं सोपं आहे. शेवटचा वेढा जिथे सीटवर (कॉइल बसते त्या वाटीवर) टेकतो तिथला रंग उडून गंज धरतो आणि ती तिथेच तुटते, म्हणून टोकं आधी बघा. मधल्या वेढ्यांवर दगड लागून किंवा पान्याने खोल ओरखडा पडला असेल तर सोडून द्या. दोन कॉइल उभ्या करून उंची सारखी आहे का बघा. आणि टोकाचा आकार, काही सपाट घासलेली, काही शेपटीसारखी बारीक होत गेलेली, ती तुमच्या गाडीच्या सीटमध्ये जशीच्या तशी बसली पाहिजे. बुश (सांध्यांमधले रबरी वेढ) मात्र सगळे नवे, यात चर्चा नाही.

प्रश्न : पाटे बसलेत, म्हणजे कमान गेली आहे. ते तापवून कमान वाढवून देतो असं एक वेल्डर म्हणतोय. करू का? – एक वाचक

नाही. पाट्याचं पोलाद कारखान्यात ठरावीक तापमानाला तापवून, थंड करून, परत तापवून केलेलं असतं. गॅसच्या ज्योतीने तापवलं की तेवढ्या जागेचा ताव जातो, मग ती जागा एकतर मऊ पडून वाकते नाहीतर चटकन थंड झाली तर काचेसारखी तुटते. ज्यांच्याकडे पाटे थंडच ठोकून कमान देतात किंवा भट्टीत पूर्ण प्रक्रिया करतात त्यांच्याकडून करून घेतलं तर चालतं. पाट्यावर वेल्डिंगचा एक टाकासुद्धा नको, वेल्डिंग मशीनची अर्थिंग क्लिप पण पाट्याला लावू नका, ठिणगीचा डाग पडतो आणि तडा तिथूनच निघतो.

प्रश्न : लांब शॅकल हाच सगळ्यात सोपा उपाय नाही का? एका जुन्या पिकअपचे ४ इंच लांबीचे निघालेत, माझे दोन इंचाचे आहेत. – घाईत असलेला

सोपा आहे, म्हणूनच सगळीकडे दिसतो. पण दोन इंच लांब केला की उंची मिळते एकच इंच, कारण शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असतो आणि अ‍ॅक्सल मधोमध. मागच्या बाजूला एवढं चालून जातं. पुढे मात्र बघा, ज्या गाड्यांत पुढच्या पाट्याचा शॅकल अगदी पुढच्या टोकाला असतो तिथे शॅकल लांब केला की पाट्याचं पुढचं टोक चेसीपासून खाली जातं, अख्खं हाउसिंग पुढे झुकतं, पिनियन वर होतं म्हणजे शाफ्टला बरं वाटतं पण किंगपिनचा (चाक ज्याभोवती वळतं तो खुंटा) वरचा भाग पुढे गेला म्हणजे कॅस्टर, त्या खुंट्याचा मागे झुकलेला कोन, कमी. कॅस्टर गेला की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि सरळ रस्त्यावर गाडी भटकते, दोन्ही हातांनी सतत धरून बसावं लागतं. कॅस्टर परत आणायला पाटा आणि बैठक यांच्यामध्ये पाचर घालतात, ती लोखंडी घ्या, अ‍ॅल्युमिनियमची चुरडते, आणि ती सेंटर बोल्टमध्ये अडकवलेलीच पाहिजे नाहीतर सरकून बाहेर येते. पण पाचर घातली की पिनियन परत खाली. म्हणजे एकाला द्या, दुसऱ्याचं काढा. त्यामुळे पुढे अर्ध्या-पाऊण इंचापलीकडे शॅकलने उचलू नका.

आणि लांब शॅकलच्या दोन पट्ट्या मधोमध आडव्या नळीने एकमेकांना जोडलेल्या असल्या पाहिजेत, सुट्या पट्ट्या वळणावर आडव्या हलतात. चाक पूर्ण खाली लटकल्यावर शॅकल उलटा फिरून चेसीला अडकत नाही ना हे जॅक लावून बघाच, अडकला तर चाक परत टेकताना मेन पाटाच वाकतो.

प्रश्न : कॉइलवाली जिम्नी आहे, आधीच्या पिढीची. दुसऱ्या मोठ्या एसयूव्हीच्या कॉइल मिळाल्यात, व्यास जुळतोय, पण मोकळ्या उंचीला माझ्यापेक्षा १० मिमी कमी आहेत, मग गाडी खालीच जाईल ना? – जिम्नीप्रेमी

तसं नाही. मोकळी उंची बघून काहीच कळत नाही, वजन आणि कडकपणा दोन्ही लागतात. उदाहरण धरा, एका कोपऱ्यावर २२० किलो येतं, तुमची कॉइल ३३० मिमी उंच आणि १ मिमी दाबायला २.५ किलो लागतं, म्हणजे ती ८८ मिमी दबून २४२ वर थांबते. मिळालेली कॉइल ३२० मिमी पण १ मिमीला ३.५ किलो, ती ६३ दबते आणि थांबते २५७ वर. दहा मिमी आखूड असूनही गाडी १५ मिमी वर गेली. आणि चाळीस टक्के कडक पण झाली, हे त्याच्याबरोबर येणारच.

कडकपणाचा अंदाज तारेवरून घ्या. तारेच्या जाडीचा चौथा घात लागतो, १२ मिमीची तार आणि १३ मिमीची तार यात नुसता एक मिलिमीटर दिसतो पण वेढे आणि व्यास तेच असतील तर कडकपणा ३८ टक्क्यांनी वाढतो. म्हणून व्हर्निअरने मोजा, रंगाच्या थरावर नाही, घासलेल्या जागी. वेढा कापून उंची कमी करणारे लोक असतात, वेढे कमी झाले की उरलेली कॉइल अजून कडक होते, त्यापेक्षा मूळ कॉइल ठेवून वरती किंवा खाली चांगल्या प्लास्टिकचा नाहीतर धातूचा स्पेसर देणं जास्त शहाणपणाचं, कडकपणा बदलत नाही. जिम्नी हलकी आहे, तिला मोठ्या एसयूव्हीच्या कॉइल सहसा मानवत नाहीत, दगडांवर चारही चाकं टेकायच्या ऐवजी एक हवेत राहतं.

आणि तुमच्या पत्रात पॅनहार्ड रॉडबद्दल काहीच नाही. जिम्नीत पुढेमागे दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल, आडवा धरून ठेवायला पॅनहार्ड रॉड. रॉडची लांबी तीच आणि चेसी वर गेली की अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो, दोन इंचांना काही मिलिमीटरच, पण कोन वाढेल तसं सरकणं भराभर वाढतं. लांबी बदलता येणारा रॉड लावा. पुढे ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड एकमेकांना समांतर राहतील असंच काही करा, एकाचाच कोन बदलला तर खड्ड्यात स्टिअरिंग झटका देतं. पुढचे रेडियस आर्म (हाउसिंग चेसीला जोडणारे लांब दांडे) पण विसरू नका, ते हाउसिंगला घट्ट असतात, गाडी वर गेली की हाउसिंग पुढे झुकतं. आर्म ८०० मिमीचा धरला आणि ५० मिमी उचललं तर कॅस्टर साडेतीन अंशांनी गेला. त्याला मध्यापासून सरकवलेल्या भोकाचे बुश मिळतात, ते घ्या.

प्रश्न : पहिल्या पिढीची व्हिटारा, पुढे स्वतंत्र सस्पेन्शन. मागे जुन्या कॉइलने ३ इंच सहज मिळाले, पुढे कॉइलखाली ३ इंची स्पेसर टाकायचा आहे. – व्हिटारा

मागचं आणि पुढचं यांची तुलना करू नका. तुमच्या गाडीत पुढे स्ट्रट (चाकाला उभा धरणारा शॉकअप) वेगळा आणि कॉइल वेगळी, कॉइल खालच्या आर्मवर बसते, त्यामुळे स्पेसर टाकायला सोपं वाटतं. पण अ‍ॅक्सलला सीव्ही जॉइंट (चाक वळलं तरी फिरवत राहणारे सांधे) आहेत आणि आर्मला बॉल जॉइंट, दोघांनाही कोनाची मर्यादा आहे. आर्म खाली गेला की चाकाचं वरचं टोक बाहेर झुकतं, टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) पण बदलतो, टायर एका कडेने झिजतो. दीड ते पावणेदोन इंचांवर थांबा, मागेही तेवढंच करा. त्याच्यापुढे जायचं तर पुढचा डिफरन्शियल आणि आर्मचे माउंट दोन्ही ब्रॅकेट देऊन खाली घ्यावे लागतात, ते घरचं काम नाही. करून झाल्यावर पुढची दोन्ही चाकं लटकवा, हाताने फिरवा, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, कुठे अडलं किंवा टकटक आली तर स्पेसर कमी करा.

प्रश्न : शॉकअप मोठ्या गाडीचे लांब मिळालेत, ते लावले की झालं का? ब्रेकला काही करावं लागतं का? – लांब शॉकअपवाला

लांबी मोजूनच ठरवा. स्प्रिंग किंवा पाट्यांची थप्पी मोकळी करा, जॅकने अ‍ॅक्सल वर न्या, बंप स्टॉप (अ‍ॅक्सल फार वर आला की अडवणारा रबरी ठोकळा) पूर्ण दबल्यावर दोन माउंटमधलं अंतर मोजा, मग पूर्ण खाली सोडून परत मोजा. शॉकअप मिटल्यावर पहिल्या मापापेक्षा निदान १५ मिमी आखूड पाहिजे आणि उघडल्यावर दुसऱ्यापेक्षा लांब. नाहीतर प्रत्येक खड्ड्यात शॉकअपच बंप स्टॉपचं काम करतो आणि माउंट फाडून बाहेर येतो. लांब शॉकअप लावायचा तर बंप स्टॉप पण खाली घ्यावा लागतो, तो कोणीच घेत नाही. अजून एक, जड गाडीच्या शॉकअपची परतीची ओढ जास्त असते, हलक्या गाडीत लागोपाठ खड्डे आले की चाक खाली यायच्या आत दुसरा खड्डा येतो, गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि चालवणाऱ्याला वाटतं पाटे मऊ आहेत. वापरलेले तेलाचे शॉकअप तर मी घेऊच नका म्हणेन, भंगारातून घ्यायची ती वस्तूच नव्हे.

ब्रेकचं सांगतो. चाक पूर्ण लटकलेलं, स्टिअरिंग दोन्हीकडे टोकाला, अशा वेळी ब्रेकच्या रबरी नळीत ढिलाई दिसली पाहिजे, ताणलेली असेल तर लांब नळी नवी घ्या. नळीचा ब्रॅकेट खाली वाकवून चालवणं मला पटत नाही. मागच्या अ‍ॅक्सलपासून दांडी जाऊन चेसीवरच्या व्हॉल्व्हला जोडलेली असेल, बऱ्याच छोट्या फोर बाय फोरमध्ये असते, तर तो व्हॉल्व्ह मागे भार किती आहे बघून मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. गाडी उचलली की त्याला वाटतं मागे काहीच भार नाही, मागचा दाब कमी करतो, गाडी उशिरा थांबते. लोक पॅड बदलतात, मास्टर सिलिंडर बदलतात. व्हॉल्व्हचा ब्रॅकेट जेवढी गाडी उचलली तेवढाच खाली आणा किंवा दांडी तेवढी लांब करा, झालं. डिफरन्शियलच्या श्वासाची नळी पण बघून घ्या, ती बहुतेक वेळा सुटलेलीच सापडते.

प्रश्न : नमस्कार. मुलाने जुन्या भागांनी गाडी उचलायला घेतली आहे. आम्ही घरचे म्हणतो उंच गाडी उलटते, तो म्हणतो काही होत नाही. कोण बरोबर? – एक आई

काकू, तुम्ही बरोबर आहात, पण किती ते आकड्यात सांगतो, म्हणजे त्याच्याशी बोलता येईल. दोन चाकांमधलं आडवं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, असा एक साधा आकडा आहे, अमेरिकेतली रस्ते-सुरक्षा यंत्रणा गाड्यांना उलटण्याबद्दल गुण देताना हाच धरते. अंतर १३०० मिमी आणि गुरुत्वमध्य ६०० मिमी वर असेल तर १.०८ येतो. सस्पेन्शन आणि टायर मिळून गुरुत्वमध्य ६० मिमी वर गेला तर ०.९८. जेवढा कमी तेवढी गाडी लवकर उलटते, आणि साध्या मोटारींचा आकडा याच्यापेक्षा बराच वर असतो. छोट्या उंच गाड्यांवरून वाद जुनाच आहे, १९८८ मध्ये अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स मासिकाने सामुराई वळणावर उलटू शकते म्हणून तिला नापास केलं, सुझुकीने १९९६ मध्ये खटला भरला, तो २००४ मध्ये आपसात मिटला. म्हणजे न उचललेल्या गाडीवरच एवढं झालं होतं.

मुलाला उचलू नको म्हणू नका, ऐकणार नाही. दोन इंचांच्या आत थांब, चाकांमधलं आडवं अंतर थोडं वाढव, छतावर सामान ठेवू नकोस, एवढं म्हणा. आणि पाट्यांचं काम झालं की पहिल्यांदा रिकाम्या मोकळ्या जागेत, हळू, ब्रेक आणि वळण दोन्ही बघून घेऊ दे, मगच रस्त्यावर.

प्रश्न : यू-बोल्ट जुनेच चालतील का, चांगले दिसतात. आणि पाटे बसवून झाल्यावर करकर आवाज येतोय. – शेवटच्या टप्प्यातला

यू-बोल्ट नवे. एकदा ताणून आवळलेला यू-बोल्ट लांबलेला असतो, आटे ओढले गेलेले असतात, परत आवळला की तेवढा दाब धरत नाही, आणि अ‍ॅक्सल पाट्यावर धरून ठेवणारं दुसरं काही नाही, सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवतो. थप्पीची जाडी बदलली असेल तर जुने तसेही आखूड नाहीतर लांब पडतात. आवळताना फुलीत, थोडं थोडं, टॉर्क पान्याने. १०० किमी चालवून परत आवळा, ५०० ला परत.

करकर बहुतेक बुशची आहे. तुम्ही डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट गाडी जॅकवर असतानाच पूर्ण आवळलेत का? तसं केलं तर रबरी बुश लटकलेल्या अवस्थेतच धरला जातो, गाडी खाली उतरली की तो कायम पिळलेला राहतो, करकरतो आणि लवकर फाटतो, उंची पण एखाद-दोन सेंटिमीटर चुकीची दाखवतो. सगळे बोल्ट ढिले करा, गाडी चाकांवर उभी करा, बंपरवर उभं राहून चार वेळा दाबा, मग तशाच उभ्या गाडीखाली शिरून आवळा. चाकांना दगड लावून.